दोघींचं एकच कार्ड

पाहाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खालच्या छापखान्यातल्या जुळाऱ्यानं ते ठेवलं आणि असं चिकटलं, की पगाराच्या कागदावरचं नाव वाचताना खुद्द बाईंनाच क्षणभर वाटे, ही कोण बया? जुळाऱ्याचा तरी काय दोष! बाई वरून ज्या चिठ्ठ्या पाठवत, त्यांतल्या निम्म्यांवर एक नाव, पुढं 'पाहा', आणि त्यापुढं दुसरं नाव. अमक्याला इथं शोधताय का? इथं नाही तो, तिथं पाहा. तीच ती शिशाची अक्षरं वेचून जुळाऱ्याची बोटं काळी पडली. शेवटी त्यानं 'पाहा' हा शब्दच पंचवीस-तीस वेळा जुळवून एका डबीत भरून ठेवला आणि जिन्यातून हाक घातली, "ओ पाहाबाई, आज किती पाहा?" झालं, नाव पडलं.

एका विज्ञानमंडळाचं मासिक होतं ते. देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्यात लेख लिहीत. किडे, शेवाळ, दगड, गोगलगायी, माणसाला ज्याच्याकडं बघायला सवड नाही अशा सगळ्या गोष्टींवर. पाहाबाईंचा लेखांशी काही संबंध नव्हता, लिहिणाऱ्यांशी होता. कोणी काय लिहिलं त्याची नावानिशी सूची करायची. सालअखेरीला ती मासिकाच्या शेवटी छापायची आणि दहा वर्षांनी सगळ्या सूच्या एकत्र करून जाडजूड पुस्तक काढायचं. ज्याचं नाव त्या पुस्तकात सापडत नाही, त्यानं लेख लिहिला काय आणि चुलीत घातला काय, सारखंच.

खोली वरच्या मजल्यावर. भिंतीला बत्तीस लाकडी खण, प्रत्येक खणात ओळीनं उभी कार्डं, आणि खण उपडा झाला तरी ती सांडू नयेत म्हणून तळातून आरपार गेलेली पितळी सळई. टेबलावर बोट ओलं करायला स्पंजाची डबी, खिडकीखाली सायकली लावायची जागा. कोणाची सायकल पडली की एकीवर एक अशा दहा पडत आणि बाई वरून म्हणत, "पडा, पडा. उचलायला कोणी येत नाही, इथं सगळे शास्त्रज्ञ आहेत."

नावं लावायची म्हणजे काय मोठं, आडनाव बघायचं आणि खणात टाकायचं, असं कोणालाही वाटेल. बाईंनाही पहिले चार महिने तसंच वाटलं होतं. मग कळलं, की जगात माणसं जितकी, तितक्या नाव सांगायच्या तऱ्हा. कुठं घराण्याचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर. कुठं आडनाव हा प्रकारच नाही, एकच नाव आयुष्यभर पुरवायचं. कुठं आडनावाच्या आधी एक चिमुकला शब्द असतो, 'चा' किंवा 'कडचा' अशासारखा. एका देशात तो धरायचा, सीमा ओलांडली की सोडायचा, आणि चुकलं तर दोन्हीकडचे रागावतात. आणि कुठं आडनाव असतं दोनपदरी. एक पदर बापाचा, एक आईचा. नवख्या माणसानं शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलला, की तो शास्त्रज्ञ बापाचं घर सोडून आजोळच्या खणात जाऊन बसलाच म्हणून समजा. तिथं त्याला कोण शोधणार?

नियमांची एक पुस्तिका होती, पण पाहाबाईंचा तिच्यावर फारसा विश्वास नव्हता. त्यांची आपली एक रीत होती. नवं, अवघड नाव आलं की त्या माणसाला सरळ पत्र टाकायचं. 'आपला लेख मिळाला. आपल्याला कोणत्या नावाखाली ठेवू, ते कृपया कळवावे.' त्यांचं म्हणणं साधं होतं. नाव ज्याचं त्याला विचारावं. परस्पर ठरवणारे आपण कोण? संपादकसाहेब टपालाचा ढीग बघून कपाळाला हात लावत. "बाई, लग्नाची बोलणी करताय का?" बाई म्हणत, "त्याहून कठीण, साहेब. तिथं निदान समोरची माणसं एकदा घरी येऊन जातात."

उत्तरं येत आणि ती येत म्हणूनच बाईंचं आयुष्य त्या खोलीत गेलं असं म्हणायला हरकत नाही. एकानं चार पानं भरून पणजोबांची हकीकत कळवली. एकानं नुसतं लिहिलं, 'कुठंही ठेवा, पण माझ्या सासऱ्यापासून लांब.' पण सगळ्यांत लाडकं पत्र होतं एका गोगलगायवालीचं. नदीतल्या गोगलगायींवर तिचा पहिला लेख आला होता. ती एका संग्रहालयात काम करायची आणि तिचं आडनाव लांबलचक, दोनपदरी. तिनं लिहिलं होतं, 'मला दोन्ही आडनावांखाली एकत्रच ठेवा, वडिलांचं पुढं, आईचं मागं. त्या दोघांना वेगळं करायचा प्रयत्न माझ्या आजीनं पुष्कळ केला, पण जमला नाही. तुम्हीही करू नका.' बाई इतक्या हसल्या, की खालून जुळारी विचारायला आला. पत्र त्यांनी नोंदवहीत डकवून ठेवलं, आणि कार्ड घोटीव अक्षरात केलं.

घरी पाहाबाई आणि त्यांची नणंद, दोघीच. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. नणंद दोन वर्षांनी मोठी, लग्न केलं नव्हतं, दिवसभर शिलाईच्या यंत्रावर शाळांचे गणवेश शिवायची. बाई तिला वन्सं म्हणत आणि तिच्या बोलण्याला भीत, पण ती नसली की घर खायला उठे. दोघींचं आडनाव अर्थात एक, आणि योगायोगानं नावाचं पहिलं अक्षरही एक. पोस्टमन महिन्यातून दोनचारदा तरी वन्संचं पत्र बाईंच्या हाती ठेवी आणि बाई त्याच्यावर डाफरत, "घरात दोन माणसं आहेत, एवढं कळू नये?"

वन्संना बाईंचे शास्त्रज्ञ सगळे तोंडपाठ. "काय गं वहिनी, तुझी ती गोगलगायवाली बरी आहे ना?"

"बरी आहे. यंदा तीन लेख. भारी कामसू. पण एका ठिकाणी टिकत नाही हो. संग्रहालयात होती, मग विद्यापीठात गेली, परत संग्रहालयात आली, परत विद्यापीठ."

"भांडखोर असणार."

"असेल. आभार मात्र गोड मानते."

लेखातलं शास्त्र बाईंना कळत नसे, पण लेखाच्या टोकाला लहान टायपात दोन ओळी आभाराच्या असत, त्या मात्र त्या न चुकता वाचत. तेवढंच साध्या भाषेत असे. दहा वर्षांत त्या गोगलगायवालीच्या नावावर तेवीस लेख झाले. कार्डावर पत्त्याला एकच ओळ. नवा पत्ता आला की जुना खोडायचा. खोडून खोडून त्या ओळीची चाळण झाली होती.

पाहाबाईंना निवृत्त व्हायला दोन महिने राहिले होते. चौतीस वर्षं झाली होती, आणि चौतीस वर्षांत सूचीला एकदाही शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. मंडळाला याचा अभिमान होता. मानपत्राचा मजकूर तयार होता, त्यात 'एकही शुद्धिपत्र नाही' असं जाड ठशात यायचं होतं. बाई वरवर म्हणत, "कशाला ते हरभऱ्याच्या झाडावर चढवणं," पण जुळाऱ्यानं कच्ची छपाई दाखवली तेव्हा तो कागद त्यांनी दोनदा वाचला होता. घरी वन्संनी निरोपाच्या कार्यक्रमासाठी जांभळा कोट शिवायला घेतला होता.

अशात एका सकाळी पत्र आलं. पाकिटावर तेच दोनपदरी आडनाव, तेच पहिलं अक्षर. बाईंना आनंदच झाला. उभ्या उभ्या फोडलं.

'आपण मला ओळखत नाही. आपल्या सूचीप्रमाणे तर मी नाहीच. मी आणि माझी मोठी बहीण, दोघी गोगलगायींवर काम करतो. ती संग्रहालयात आहे, मी विद्यापीठात. आपल्या दहा वर्षांच्या सूचीत आम्हा दोघींची मिळून एकच व्यक्ती झाली आहे आणि तिच्यापुढं संग्रहालयाचा पत्ता छापला आहे. इथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी मी अर्ज केला. समितीनं आपली सूची उघडली आणि मला विचारलं, की बहिणीचे लेख तुम्ही स्वतःचे म्हणून का लिहिलेत? बहीण सांगायला तयार आहे, पण बहीण बहिणीची बाजू घेणारच, असं म्हणतात. खासगी पत्र चालणार नाही, छापील दुरुस्ती हवी. समिती सहा आठवड्यांनी पुन्हा बसते. त्यानंतर चोर म्हणूनच मला इथं राहावं लागेल.'

बाईंनी एकोणिसावा खण ओढला आणि कार्ड काढलं. पत्त्याची ओळ. संग्रहालय, खोडलेलं. विद्यापीठ, खोडलेलं. संग्रहालय, खोडलेलं. विद्यापीठ, खोडलेलं. संग्रहालय. सगळं त्यांच्याच हातचं, घोटीव अक्षरातलं. एक बाई दहा वर्षं दोन नोकऱ्यांच्या मध्ये झोके घेतेय असं त्यांनी मानलं होतं, आणि वर तिला भांडखोर ठरवून मोकळ्या झाल्या होत्या.

असं झालं कसं, तेही त्यांना तिथंच उमगलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मासिकात लेखकाच्या स्वतःच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर छापायची पद्धत. साधं, एकेरी, गल्लोगल्ली आढळणारं आडनाव असलं की बाई डोळ्यांत तेल घालून बघत, पूर्ण नाव मागवत, दोन माणसं एकात तर जात नाहीत ना याची खात्री करत. दोनपदरी आडनावाला त्यांनी कधी असं धरून तपासलं नव्हतं. बापाचं अमुक आणि आईचं तमुक, असा जोड जगात दुसऱ्या कोणाचा असणार? असा जोड सख्ख्या भावंडाचा असतो, एवढी साधी गोष्ट चौतीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आली नव्हती. थोरलीला विचारलं होतं. धाकटी आली तेव्हा, हिला काय विचारायचं, हिचं उत्तर तर वहीत डकवलंय, म्हणून सोडून दिलं.

संपादकसाहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस वाईट नव्हता. उलट बाईंना जपायला बघत होता, तीच पंचाईत.

"बाई, आपण तिला एक चांगलं पत्र देऊ. मंडळाच्या कागदावर. शिक्क्यानिशी."

"पत्र चालत नाही म्हणतेय ती. छापील हवं."

"छापील म्हणजे शुद्धिपत्र."

"हो."

"निवृत्तीच्या तोंडावर?"

"चूक काय माझी निवृत्ती बघून झाली का, साहेब?"

साहेबांना तोडगा सुचला. "असं करू. 'छपाईत राहून गेलेली चूक' म्हणून देऊ. पोरीचं काम होईल, तुमचंही नाव राहील. छापखान्याच्या चुका तर होतच असतात, त्यांची कोण मोजदाद ठेवतंय?"

जुळाऱ्याला वर बोलावलं. त्याला अर्धं ऐकूनच कळलं. "टाका की माझ्या नावावर," तो म्हणाला. "माझी बोटं तशीही काळीच आहेत."

त्यानं हे इतकं सहज म्हटलं, की पाहाबाईंचे डोळे भरून आले. क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणभराहून थोडं जास्तच, त्यांना वाटलं, काय हरकत आहे? कोणाचं काय बिघडतंय? त्या 'उद्या सांगते' म्हणून घरी गेल्या.

जेवताना वन्संनी पहिला घास तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ दोनदा पडलंय. काय झालंय ते आता सांग, नाहीतर उरलेलं तूच संपव."

बाईंनी सांगितलं. वन्सं ऐकत राहिल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना.

"अगं, या घरात तू आणि मी एका आडनावाच्या! अक्षरसुद्धा एक! त्या बिचाऱ्या पोस्टमनला तू फाडून खातेस, आणि स्वतः दहा वर्षं तेच करत होतीस?"

"हसा. हसा पोटभर."

"बरं, नाही हसत. आता काय करणार?"

"जुळारी म्हणतो, माझ्यावर ढकला."

वन्संचं हसणं थांबलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "वहिनी, मी हजारो गणवेश शिवले. एखादी बाही उलटी लागली तर मी काय म्हणते, यंत्रानं लावली?"

"पण चारचौघांत मान खाली जाणार हो."

"जाईल. दोन दिवस दुखेल."

"चारचौघांत कुठं, चाळीस देशांत जाणार."

"मग चाळीस देशांत दुखेल," वन्सं म्हणाल्या. "आणि ती पोर? तिला तर घरच्याच गावात चोर म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी पाहाबाई आधी छापखान्यात उतरल्या. जुळारी फळीवर अक्षरं लावत होता. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही चौतीस वर्षं माझी चिठ्ठी अक्षर न बदलता जुळवलीत. ही पण तशीच जुळवायची." आणि चिठ्ठी पुढं केली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सूचीकाराची चूक.' जुळाऱ्यानं ती वाचली, कानामागची पेन्सिल काढली, परत कानामागं ठेवली, आणि म्हणाला, "बरं. पण किती लेख कोणाचे, ते आणा. नुसती चूक छापून काय उपयोग?"

घोडं खरं तर तिथंच अडलं होतं. लेखांवरच्या पत्त्यांवरून वाटणी करता आली असती, पण न विचारता नुसत्या पत्त्यावर विसंबूनच तर ही चूक झाली होती. अंक छपाईसाठी बंद व्हायला वीस दिवस. बाईंनी तेवीस लेखांची यादी दोनदा हातानं लिहिली आणि विमानाच्या टपालानं एक थोरलीला, एक धाकटीला पाठवली. 'आपल्या लेखांपुढे खूण करावी. झालेल्या चुकीबद्दल क्षमा मागते.' जायला आठ दिवस, यायला आठ दिवस. त्या सोळा दिवसांत बाईंनी टपालवाल्याला इतका जीव लावला, की तो जिन्याखालूनच हात हलवून 'नाही' सांगू लागला.

दरम्यान बाई स्वस्थ बसल्या नाहीत. मासिकाचे जुने अंक काढून त्यांनी प्रत्येक लेखाच्या शेवटच्या आभाराच्या ओळी पुन्हा वाचल्या. आता त्यांना वेगळंच दिसू लागलं. एकीच्या आभारात नेहमी नावाडी, नदीकाठचे कोळी, बोटीवरचा स्वयंपाकी. दुसरीच्या आभारात भिंग दुरुस्त करणारा कारागीर आणि ग्रंथालयाचा दरवान. एक पाण्यात उभी राहणारी, एक टेबलाशी बसणारी. दोन माणसं दहा वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर आपापल्या आवाजात बोलत होती, आणि बाईंनी दोघींना मिळून 'गोड आभार मानते' एवढंच म्हटलं होतं.

सतराव्या दिवशी दोन्ही पाकिटं एकदम आली. बाईंनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. थोरलीच्या खुणा बारा. धाकटीच्या नऊ. बारा आणि नऊ एकवीस. दोन लेख उरले. बाईंनी पुन्हा मोजलं. दोनच उरले, आणि त्यांच्यापुढं खुणेऐवजी दोघींनी काहीतरी लिहिलं होतं.

थोरलीनं लिहिलं होतं, 'हे दोन तिचे. कल्पना तिची, मी फक्त शिंपले मोजले.'

धाकटीनं लिहिलं होतं, 'हे दोन ताईचे. मोजणी सगळी तिची, मी फक्त लिहून काढलं.'

बाईंनी ते दोन लेख काढले. दोन्हींवर पत्ता ना संग्रहालयाचा, ना विद्यापीठाचा. कुठल्याशा गल्लीतला घराचा पत्ता, कार्डावर घरचे पत्ते घेत नसत म्हणून तिथं कधी न चढलेला. आणि आभारात, 'आजारी असूनही स्वयंपाकघरातलं टेबल दोन हिवाळे आमच्याकडे सोडल्याबद्दल आणि शिंपले उकळल्याचा वास सोसल्याबद्दल आईचे आभार.' लेखाखाली नाव एकच होतं, म्हणजे तेच दोनपदरी, दोघींना सारखंच लागू पडणारं. कोणाचं होतं, ते आता दोघी मिळूनही सांगायला तयार नव्हत्या. तो 'आमच्याकडे' शब्द मात्र आधी दोन्ही वेळा वाचताना बाईंच्या नजरेतून साफ निसटला होता.

अंक बंद व्हायला तीन दिवस. परत विचारायला वेळ नाही. साहेब म्हणाले, "धाकटीला द्या दोन्ही. तिला गरज आहे, आणि थोरली देतेच आहे."

"धाकटी घेत नाहीये."

"मग थोरलीला."

"तीही घेत नाहीये. साहेब, कोणी मागत असतं तर भांडण मिटवता आलं असतं. दोघी नको म्हणतायत, इथं मी निवाडा करणारी कोण?"

"मग करायचं काय? एका नावाचा लेख दोघींच्या नावाखाली कसा बसेल? शास्त्र आहे हे, बाई!"

"शास्त्र मला कळत नाही," पाहाबाई म्हणाल्या. "पण माझी रीत एकच. नाव ज्याचं त्याला विचारायचं. विचारलं. त्यांनी सांगितलं ते छापते." आणि त्यांनी शुद्धिपत्राच्या चिठ्ठीखाली आणखी एक ओळ लिहिली. साहेबांनी ती वाचली, खोडायला लाल पेन्सिल उचलली, ती कागदावर टेकवली, आणि तशीच धरून बसले. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "न्या. माझ्या डोळ्यांसमोरून न्या आधी."

त्या महिन्याच्या अंकात, शेवटच्या पानावर, दोन्ही बहिणींची पूर्ण नावं पहिल्यांदा छापून आली. 'सूचीकाराची चूक' असं वर. खाली थोरलीचे बारा, धाकटीचे नऊ. आणि त्याखाली ती ओळ: 'उरलेल्या दोन लेखांविषयी दोन्ही बहिणी, ते माझे नसून तिचे, असे कळवतात, सबब ते दोघींच्या नावांखाली दिले आहेत.' त्या मासिकात इतकं माणसासारखं वाक्य त्याआधी कधी छापलं गेलं नसेल. अंकाची पहिली प्रत जुळाऱ्यानं शाई वाळायच्या आत पाकिटात घालून विमानाच्या टपालात टाकली.

मग पुन्हा वाट बघणं. पण आता बाईंना स्वस्थता नव्हती ती वेगळ्याच कारणानं. एक कार्ड असं निघालं, तर बाकीची? त्यांनी पहिल्या खणापासून सुरुवात केली. दोनपदरी आडनाव आणि खोडलेला पत्ता दिसला, की कार्ड बाहेर. टेबलावर गठ्ठा वाढू लागला, पत्रं जाऊ लागली. साहेब दारातून गठ्ठा बघत आणि निघून जात.

समिती बसली, त्यानंतर अकराव्या दिवशी पाकीट आलं. धाकटीला ती जागा मिळाली होती. तिनं लिहिलं होतं, की समितीच्या अध्यक्षांनी ती शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, चोरी करणारी माणसं अशी भांडत नाहीत. त्याच पाकिटात दुसऱ्या अक्षरात एक चिठ्ठी होती, थोरलीची. 'आपण आई-वडिलांना वेगळं केलं नाहीत, आणि आम्हाला केलंत. दोन्हींबद्दल आभारी आहे. पण ते दोन लेख तिचेच.'

निरोपाचा कार्यक्रम वाचनालयाच्या मोठ्या खोलीत झाला. चहा, बिस्किटं, खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडकीत बसलेली माणसं. वन्सं पहिल्या रांगेत, आपण शिवलेला जांभळा कोट वहिनीच्या खांद्यावर नीट बसलाय की नाही तेवढंच बघत. साहेब मानपत्र वाचायला उभे राहिले. तो जाड ठशातला मजकूर त्यांनी जुळाऱ्याकडून बदलून घेतला होता.

"चौतीस वर्षांच्या प्रदीर्घ सेवेत," साहेबांनी आवाज चढवला, "केवळ एक शुद्धिपत्र..."

"साहेब," पाहाबाई उभ्या राहिल्या. "मध्येच बोलते, माफ करा. दोन."

"दोन?"

"दुसरं पुढच्या अंकात येतंय, उत्तरं आज सकाळीच आली. शेवाळवाले दोघे भाऊ निघाले. आणि दगडांवर लिहिणारे बहीणभाऊ."

"जुळवून तयार आहे!" मागून जुळारी ओरडला. "दीड पान!"

सगळी खोली हसली. वन्संनी कोट बघायचं सोडून कपाळाला हात लावला, पण बोटांच्या आडून त्याही हसत होत्या. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, मानपत्र टेबलावर ठेवलं, 'एक' खोडलं, वर 'दोन' लिहिलं, आणि पेनाचं टोपण न लावता बाईंकडं बघितलं.

"तिसरं?"

"बाविसाव्या खणापर्यंत झालंय, साहेब," पाहाबाई म्हणाल्या. "अजून दहा उरलेत."